दीड कोटी खिशात आणि बेटावर एटीएम नाही

ऑफिसातून सलग २४ दिवसांची रजा मंजूर करून घेणं हा एका वेगळ्या कॉलमचा विषय आहे. तो पुन्हा कधीतरी. आज असं समजूया की बॉसने सही केलीये, बॅगेत मास्क, फिन्स, रेग्युलेटर कोंबून झालेत, हरवलेलं लॉगबुक आईच्या कपाटात सापडलंय आणि ‘आता काय, फक्त पैसे घ्यायचेत’ असं म्हणत तुम्ही सोफ्यावर रेललाय. जरा उठून बसा. आमच्या इंडोनेशियाच्या डाइव्ह ट्रिपमध्ये सगळ्यात मोठे घोळ या ‘फक्त पैसे’ खात्यातच झाले. आम्ही म्हणजे मी आणि माझा डाइव्ह बडी. तो दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे अकाउंट्स तपासतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

बँकॉकला चार दिवस शॉपिंगला जाणं वेगळं. तिथे कार्ड घासलं की काम होतं. पण चांगले कोरल्स नेमके तिथे असतात जिथे माणसं कमी, आणि माणसं कमी तिथे बँकाही कमी. राजा अंपातचंच घ्या. बालीहून विमानं बदलत पापुआतलं सोरोंग गाठायचं, तिथून दोनेक तासांची फेरी पकडून वायसाय, आणि वायसायहून छोट्या बोटीने क्री, गाम, आर्बोरेक अशा बेटांवर. तिथे गावातली कुटुंबं पाण्यावर लाकडी खोल्या बांधून होमस्टे चालवतात. समोर जगातला सर्वोत्तम रीफ, आणि पैसे मात्र फक्त रोख, फक्त रुपियात. शेवटचं एटीएम वायसायला. त्यापुढे मासेच मासे.

इंडोनेशियाच्या शहरांत २०१९ पासून ‘क्रिस’ नावाचा क्यूआर कोड आलाय, आपल्या यूपीआयसारखा. साते विकणाऱ्या गाडीवरही तो लटकलेला असतो. पण आपल्या फोनमधल्या अ‍ॅपवर विसंबून घरातून निघू नका. आणि बेटावर मुळात सिग्नलचीच बोंब असेल तर कोड कुणाचा का असेना.

मी करोडपती झाले त्याची गोष्ट

आधी आकडे. हिशेब सोपा ठेवायला १ डॉलर म्हणजे १६,००० रुपिया आणि आपला १ रुपया म्हणजे १८५ रुपिया असं धरू. रेट रोज हलतो, तुम्ही निघायच्या दिवशीचा बघा. सगळ्यात मोठी नोट १ लाखाची, लाल रंगाची. म्हणजे आपले साडेपाचशेच्या आतबाहेर. तिथे आलेले गोरे लोक शून्यं मोजता मोजता घामाघूम होतात. आपल्याला मात्र लाख-कोटीची सवय घरचीच, त्यामुळे हा पेपर आपल्याला सोपा जातो. ‘रिबू’ म्हणजे हजार, ‘जुता’ म्हणजे १० लाख. मेन्यूवर ४५ लिहिलं असेल तर ते ४५ हजार. एवढं पाठ केलं की झालं.

आता राजा अंपातचे दहा दिवस. जेवणासकट होमस्टे माणशी रोजचे साधारण ५ लाख. एक डाइव्ह साधारण ५ लाख. १५ डाइव्ह धरा. मरीन पार्कच्या परवान्याचे आणि प्रवेशाचे मिळून परदेशी माणसाला बरीच वर्षं १० लाख पडत आलेत. वायसायहून येण्या-जाण्याच्या बोटीचे ८-८ लाख, निम्मे-निम्मे. बेरीज करा, माणशी दीड कोटीला जरासे कमी. दोघांचे तीन कोटी म्हणू. एक लाखाच्या नोटांत म्हटलं तरी ३०० नोटा, म्हणजे तीन जाड बंडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा करोडपती झाले ते अशा ठिकाणी जिथे विकत घ्यायला फक्त नारळ आणि बिस्किटं होती.

हे तीन कोटी आणायचे कुठून? इथून रुपिया घेऊन जायचा विचार सोडा, रेट रडवतो. बहुतेक फॉरेक्स कार्डांवर रुपिया हे चलन नसतंच, त्यामुळे कार्डात डॉलर भरून तिथे काढायचे म्हणजे दोनदा बदली आणि दोनदा कात्री. रोख डॉलरचंही तसंच, पण ते सगळीकडे बदलून मिळतात. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका ट्रिपला परकीय नोटा ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, वरचे कार्डावर घ्या. रोख रुपये मोजून फॉरेक्स घ्यायचं असेल तर ते ५० हजारांच्या आत, त्यापुढे चेक किंवा ट्रान्स्फर. आणि भारतीय नोटा २५ हजारांपर्यंतच बाहेर नेता येतात. त्या फक्त परत आल्यावरच्या रिक्षेसाठी ठेवा. एअरपोर्टवरच्या काउंटरला लांबूनच नमस्कार करावा. दोन-चार दिवस आधी दोन-तीन ठिकाणी फोन करून ‘टॅक्ससकट सगळं धरून १,००० डॉलरचे किती रुपये?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा. कमिशन झीरो आहे, डिलिव्हरी फ्री आहे, हे ऐकायचंच नाही.

आणि नोटा बघून घ्या हो! आपल्याकडे नोटेवर पेनने आकडा टाकणं, घडी घालून ब्लाउजात खोचणं, सगळं चालतं. इंडोनेशियात डॉलरची नोट म्हणजे नवी नवरी. घडी नको, शिक्का नको, पेनाची रेघ नको, कोपरा दुमडलेला नको. २०१३ पासून आलेली निळ्या पट्टीची १०० डॉलरची नोट सगळ्यात चांगली, आणि शंभराच्या नोटेला दहा-विसाच्या नोटांपेक्षा रेटही बरा मिळतो. काउंटरमागच्या माणसाने कितीही तोंड वाकडं केलं तरी मळकी नोट परत करायची. मी एक परत केली नाही. ‘जाऊ दे, एकच तर आहे’ असं म्हटलं. लक्षात ठेवा ती नोट.

कार्डं दोन घ्या, वेगवेगळ्या बँकांची, आणि वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद ठेवूनच कार्ड येतं, ते अ‍ॅपमधून चालू करावं लागतं. हे सोरोंगच्या मशिनसमोर आठवून उपयोग नाही, कारण ओटीपी येणारं सिमकार्ड तुम्ही प्लास्टिकच्या डबीत घालून होमस्टेवर ठेवलेलं असतं. एका क्रेडिट कार्डाला ट्रिपभर हात लावायचा नाही. त्याची पूर्ण लिमिट हॉस्पिटलसाठी. तुम्ही हसाल, मी पण हसले होते.

कुटाची गल्ली

व्हिसा ऑन अरायव्हलचे ५ लाख रुपिया आणि बालीची २०२४ पासून लागू झालेली दीड लाखाची टूरिस्ट लेव्ही, दोन्ही घरबसल्या ऑनलाइन भरता येतं. ते भरून गेलं की एअरपोर्टवर डॉलर मोडायची घाईच राहत नाही. आम्ही एवढे शहाणे होतो. पण दुसऱ्या दिवशी कुटाच्या एका गल्लीत, सरोंग आणि मॅग्नेटच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक बोर्ड दिसला. रेट बाकीच्यांपेक्षा चांगला चढा, वर ‘नो कमिशन’.

“अरे, हा एवढा जास्त कसा देतो?” मी विचारलं.

“व्हॉल्यूम बिझनेस असतो गं,” अकाउंटंट म्हणाले.

३०० डॉलरचे ४८ लाखांहून जास्त होत होते. काउंटरमागच्या पोराने एक लाखाच्या नोटाच नाहीत म्हणत २० हजारांच्या नोटांचे ढीग लावले. आम्ही मोजले. बरोबर होते. मग तो गोड हसून म्हणाला, एकदा मीही मोजतो, आणि ढीग टेबलावर आपटत सारखे केले. आम्ही थँक्यू म्हटलं, बॅगेत भरले, रूमवर येऊन मोजले. ६ लाख कमी. आपटताना एक थप्पी काउंटरच्या मागे पडली होती, हा त्या गल्लीतला जुनाच खेळ आहे हे नंतर कळलं. परत गेलो तेव्हा शटर खाली होतं.

तर काउंटरचा फंडा असा. बँक इंडोनेशियाची परवानगी असलेल्या मनी चेंजरच्या दारावर तसा लोगो आणि परवाना क्रमांक असतो, आत एसी असतो, कॅमेरा असतो, छापील पावती मिळते. रेट शेजारच्यांच्या आसपासच असतो. कुणी जगावेगळा रेट देत असेल तर तो फरक कुठून तरी वसूल करणार. मोठ्या नोटा मागा. आणि तुम्ही मोजल्यानंतर नोटांना दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये. लागला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा, मागे रांग असली तरी.

गणपतीची नोट कुणी दिली तर मात्र हरखून जाऊ नका. १९९८ च्या २० हजारांच्या नोटेवर की हजर देवंतारा या शिक्षणतज्ज्ञांच्या शेजारी खरोखरच गणपती होता. पण ती नोट २००८ च्या अखेरीस चलनातून काढून घेतली. देव्हाऱ्यात ठेवायला छान, चहाचे पैसे द्यायला बाद. ‘रुपिया’ हा शब्दही आपल्या रुपयाचाच भाऊ, दोघेही संस्कृत ‘रूप्य’वरून आलेले. नात्यातला आहे म्हणून रेट काही सुधारत नाही.

एटीएमचं गणित वेगळं. मशिनवर ५० हजार किंवा १ लाख असं स्टिकर असतं, ते बघून १ लाखवालं निवडायचं, कारण एका वेळी निघणाऱ्या नोटांची संख्या ठरलेली असते. बहुतेक ठिकाणी एका वेळी २५-३० लाखांच्या वर निघत नाहीत, म्हणजे आपले साडेतेरा ते सोळा हजार. आपली बँक प्रत्येक वेळी ठरावीक फी लावते आणि वर टक्केवारीत मार्कअप, म्हणून थोडे थोडे काढणं महाग. स्क्रीनवर ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. तिथे हो म्हटलं की मशिनवाला आपल्या मनाचा रेट लावतो. आणि तिथली बरीच मशिन्स आधी नोटा देतात, मग कार्ड. नोटा बघून माणूस खुशीत निघून जातो आणि कार्ड मशिनच्या पोटात. माझ्या बडीचं दुसरं कार्ड लाबुआन बाजोमध्ये असंच गेलं. तिसरं त्याने आणलंच नव्हतं.

लाबुआन बाजोहून आम्ही कोमोडोची चार दिवसांची बोट घेतली. बोटीचे पैसे महिनाभर आधीच गेले होते, म्हणून आम्ही निवांत. ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘पार्क फी, नायट्रॉक्स, भाड्याचं सामान आणि टिप बोटीवर रोख’ असं लिहिलेलं कोण वाचतं? पार्क फीचं तर काहीच गृहीत धरू नका. २०२२ मध्ये कोमोडोसाठी साडेसदतीस लाख रुपियाचं शुल्क जाहीर झालं, गावातल्या पर्यटनवाल्यांनी संप केला, आणि वर्षाच्या शेवटी सरकारने ते मागे घेतलं. म्हणून निघायच्या आठवड्यात ऑपरेटरला विचारून घ्या आणि वर थोडे जास्तच ठेवा. क्रूची टिप आधीच पाकिटात घालून बाजूला काढा. शेवटच्या रात्री ओल्या केसांनी नोटा शोधत बसणं फार वाईट दिसतं. ज्या पोराने चार दिवस तुमची टाकी उचलली तो समोरच उभा असतो.

सहावा दिवस

सोरोंगला पोचलो तेव्हा तीन कोटींतले जेमतेम २ कोटी १० लाख हातात होते. कुटात ६ गेले होते, कोमोडोच्या पार्क फीने आणखी खाल्ले, एक कार्ड गेलेलं, आणि राहिलेल्या कार्डांची दिवसाची मर्यादा संपलेली. “वायसायला एटीएम आहे ना, बाकीचे तिथे काढू,” असं ठरलं. वायसायला आम्ही रविवारी उतरलो. एक मशिन बंद, दुसऱ्यातले पैसे संपलेले. बोटवाला धक्क्यावर उभा. गेलो तसेच.

क्रीवरच्या होमस्टेच्या इबूने निम्मे पैसे आधी घेतले. इबू म्हणजे आई, पण वयाने मोठ्या कुठल्याही बाईला म्हणतात, आपल्या काकू-मावशीसारखं. माझ्या बडीने आपल्या पंधराच्या पंधरा डाइव्हचे ७५ लाख पहिल्याच दिवशी देऊन टाकले. रोज सुट्टे मोजायची कटकट नको म्हणून. मी रोजचे रोज देत होते. पाच दिवस स्वर्गात होतो. केप क्री हा तोच स्पॉट जिथे २०१२ मध्ये जेराल्ड अ‍ॅलन या मत्स्यशास्त्रज्ञाने एका डाइव्हमध्ये ३७४ जातींचे मासे मोजले होते. मला तेरा ओळखता आले.

सहाव्या दिवशी तिथेच खाली जाताना बडीचा कान उघडेना. विमानातल्या एसीने झालेली सर्दी त्याने गोळीवर दाबली होती. त्याने जोर लावला. वर आला तेव्हा चक्कर येत होती आणि कानातून रक्ताचा धागा. गाइडने एकदा बघितलं आणि म्हणाला, सोरोंगला डॉक्टरकडे न्या, आजच.

वायसायची बोट ८ लाख, पुढे फेरी, पुढे हॉस्पिटल. मी बॅग उलटी केली. ७ लाख रुपिया आणि १०० डॉलरच्या चार नोटा. दीड कोटीवाले आम्ही, एका बोटीला १ लाखाने कमी पडत होतो. क्रेडिट कार्ड होतं, पूर्ण लिमिटसकट, पण बोटवाल्याच्या दृष्टीने तो प्लास्टिकचा तुकडा. पेट्रोल त्याला रोखीनेच भरायचं होतं.

शेजारच्या खोलीत एक डच जोडपं होतं. त्यांच्याकडे रुपिया भरपूर. मी डॉलर पुढे केले, त्यांनी फोनमधल्या जुन्या रेटने हिशेब करून तीन नोटा घेतल्या, ४८ लाख दिले. चौथी नोट त्यातल्या बाईंनी उजेडात धरली. मधोमध घडी, एका कोपऱ्यावर बोटीत ओली झाल्याचा डाग. “सॉरी, ही पुढे आमच्याकडूनही कुणी घेणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. हीच ती मी परत न केलेली नोट.

मी सामान भरत होते तेव्हा इबू वही घेऊन आली. मला वाटलं राहिलेल्या रात्रींचे पैसे मागणार. तिने आमच्या सहाच रात्री धरल्या, आधीचे वजा करून १० लाख घेतले, आणि मग बडीच्या हातात २५ लाख ठेवले. त्याच्या न झालेल्या पाच डाइव्हचे. आम्ही मागितले नव्हते. मागायचं सुचलंही नसतं. तिने ते तीनदा मोजले, प्रत्येक वेळी आमच्या समोर धरून, आणि शेवटची मोजणी त्यालाच करायला लावली. कानात कापूस घातलेला अकाउंटंट तिथे फळीवर बसून १ लाखाच्या नोटा मोजत होता आणि त्याला अक्षरशः रडू येत होतं. कानामुळे, असं तो अजून म्हणतो.

सोरोंगला डॉक्टरांनी पडद्याला इजा झालीये म्हणून सांगितलं, आणि डाइव्हिंग बंद. रात्री डिपॉझिट रोख मागितलं, ते होतं आमच्याकडे. राहिलेलं बिल सकाळी न वापरलेल्या कार्डावर गेलं. प्रत्येक कागदाची ‘कुइतान्सी’, म्हणजे सही-शिक्क्याची पावती, मागून घेतली. इन्शुरन्सचे पैसे नंतर मिळाले ते त्या पावत्यांवरच. तुमची ट्रॅव्हल पॉलिसी डाइव्हिंग कव्हर करते का, किती मीटरपर्यंत, हे आजच बघा, शनिवारची वाट बघू नका. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

उरलेले दिवस आम्ही बालीत काढले. बडी बंदिस्त, मी एकटीने दोन दिवस पाण्यात. लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास कोरडं राहावं लागतं, त्यामुळे शेवटचा दिवस प्रत्येक डायव्हरकडे रिकामाच असतो. उरलेले रुपिया मोडायला तोच दिवस. भारतात त्यांना कुणी विचारत नाही. एसीवाल्या, पावतीवाल्या चेंजरकडे २२ लाखांचे डॉलर करून घेतले, बारक्या नोटांचे सुपरमार्केटमध्ये सांबाल आणि कॉफी घेतली. सुट्ट्यांऐवजी त्यांनी दोन गोळ्या दिल्या, अगदी आपल्या वाण्यासारख्या.

ती डागवाली नोट मी तिथेही पुढे करून पाहिली. काउंटरवरच्या मुलीने अदबीने, दोन्ही हातांनी परत केली. मुंबईत आल्यावर एकाने घ्यायची तयारी दाखवली, पण रेट असा सांगितला की मीच काढून घेतली. आता ती लॉगबुकात आहे, केप क्रीच्या पानावर. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, तेव्हा त्यांचीही काही हरकत नसावी.